उकिरड्यातला कार्बन कोणाचा?

जहाजे पूर्वीपासून कचऱ्यावरच चालत आली आहेत. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे एकेक काढून घेतल्यावर रिफायनरीच्या तळाशी डांबराच्या जातीचा जो काळा गाळ उरतो, तोच कित्येक दशके समुद्रावरचे मुख्य इंधन आहे. थंड असताना तो धड वाहतही नाही. इंजिनात फवारण्याआधी त्याला शंभर अंशांच्या वर तापवावे लागते. जमिनीवर जो माल कोणी जाळू देणार नाही तो भर समुद्रात खपतो, कारण तिथे तक्रार करायला शेजारी नसतो. २०१९ संपेपर्यंत या तेलात साडेतीन टक्के गंधक चालत असे. १ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली आणि जहाज-धंद्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे दहा भाग चालतात. जहाजाला आजही पाच हजार चालतात.

आता याच जहाजांना वेगळ्या जातीचा कचरा हवा आहे: खरकटे, शेण, माशांची आतडी, साखर कारखान्यात रस गाळून उरणारा प्रेसमड, हॉटेलातले तळून उरलेले तेल. जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के वायू जहाजे सोडतात आणि २०५० च्या आसपास तो आकडा शून्यावर आणायचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली स्वीकारले आहे. कुजणाऱ्या वस्तूपासून स्वच्छ इंधन, ही कल्पना इतकी गोजिरवाणी आहे की तिला कोणी फारसे प्रश्न विचारत नाही. मला ते विचारावेसे वाटतात, आणि विरोध म्हणून नव्हे. हा कचरा जहाजाने घ्यावा या मताचा मीही आहे. पण त्यातले नेमके काय घ्यावे, याबद्दल चाललेली चर्चा मला चुकीच्या टोकाला धरलेली वाटते.

२०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या उल्सानहून एक नवे कंटेनर जहाज निघाले आणि साडेएकवीस हजार किलोमीटर कापून कोपनहेगनला पोचले. सप्टेंबरात तिथे युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायन यांच्या हस्ते त्याचे बारसे झाले: लॉरा मर्स्क. १८८६ साली मर्स्क घराण्याने घेतलेल्या पहिल्या वाफेच्या बोटीचे नावही लॉराच होते. नवी लॉरा जेमतेम एकवीसशे कंटेनरची, म्हणजे आजच्या मानाने लहान. पण मिथेनॉलवर चालणारे हे जगातले पहिले कंटेनर जहाज. पहिल्या सफरीचे मिथेनॉल अमेरिकेतल्या कचरा-डेपोंच्या पोटात कुजून निघणाऱ्या मिथेनपासून बनवलेले होते.

बनवलेले म्हणजे कसे, हे पाहण्यासारखे आहे. डेपोतला वायू साफ करून सार्वजनिक पाइपलाइनमध्ये सोडला जातो. तिथे तो जमिनीखालून आलेल्या नैसर्गिक वायूत मिसळून जातो. दूरच्या कारखान्यात त्याच जाळ्यातून वायू घेऊन मिथेनॉल होते आणि जितका जैविक वायू आत गेला तितक्याच मिथेनॉलला हिरवे प्रमाणपत्र मिळते. गावच्या डेअरीत दहा घरचे दूध एका टाकीत पडते. तुमच्या म्हशीचे दूध कोणाच्या चहात गेले ते सांगता येत नाही, पण फॅट लावून पैसे तुमच्याच खात्यात येतात, तसेच हे. हिशेब चोख असेल तर यात लबाडी नाही. मात्र डेअरीत मापाच्या भांड्यावर ज्याचा हात असतो त्याचीच गावात चर्चा असते, हेही विसरू नये. लॉराच्या टाकीत कचऱ्यातून आलेला रेणू किती होता, हा प्रश्नच तिथे लागू नाही; तिच्या फायलीत तो होता.

नॉर्वेची गोष्ट जास्त हाताला लागणारी आहे. तिथल्या स्कॉग्न गावी कागद गिरणीच्या शेजारी मत्स्योद्योगातला टाकाऊ माल आणि गिरणीचा मळ कुजवून द्रवरूप बायोगॅस बनवणारा मोठा प्रकल्प उभा राहिला. २०१८ साली हुर्टिग्रूटेन या प्रवासी जहाज कंपनीने मेलेल्या माशांवर बोटी चालवण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना मथळा आयता मिळाला. पण नॉर्वेचा किनारा, तिथला मासळीचा धंदा, तिथली थोडकी वस्ती आणि गाठीशी असलेला पैसा हे सगळे जुळून आल्यावरचे ते चित्र आहे. ते आपल्याकडे आहे तसे चिकटवायला गेलो की गणित आडवे येते.

मुंबईचे घेऊ. शहरात रोज सहा ते सात हजार टन कचरा निघतो. त्यातला निम्मा, म्हणजे सव्वातीन हजार टन, ओला आणि नीट वेगळा केलेला मिळाला असे समजू (हसू नका, समजायला काय जाते). इंदूरला २०२२ साली सुरू झालेला प्रकल्प रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यातून सतरा टन वायू काढण्याच्या क्षमतेचा आहे. त्याच मापाने मुंबईतून रोज शंभर टन वायू निघेल. आणि पंधरा-सोळा हजार कंटेनर वाहणारे एखादे जहाज भर समुद्रात दिवसाला साधारण तेवढेच तेल खाते. सव्वा कोटी माणसांच्या ताटातले उरलेसुरले, भाजीबाजारातली पाने, देवळांतले निर्माल्य, सगळे मिळून एका जहाजाचा एका दिवसाचा खुराक. जगात व्यापारी जहाजे एक लाखाच्या आसपास आहेत. सगळीच एवढी खादाड नाहीत, पण मिळून वर्षाला तीस कोटी टन इंधन रिचवतात.

शहर सोडून उसाकडे जाऊ. महाराष्ट्रात बऱ्या हंगामात हजार लाख टन ऊस गाळला जातो. शंभर टनांमागे तीन-चार टन प्रेसमड निघतो, म्हणजे पस्तीस लाख टनांच्या घरात. पंचवीस टन प्रेसमडमागे एक टन वायू धरला तर वर्षाला एक लाख चाळीस हजार टन. एवढ्यावर सहा-सात मोठी जहाजे वर्षभर चालतील. सगळ्या राज्याची साखर, सगळ्या गव्हाणी, आणि हिशेब सात जहाजांवर संपतो. कचऱ्यावर जगाचे आरमार चालेल असे सांगणाऱ्या भाषणांत हे आकडे येत नाहीत.

मग सोडून द्यायचे का? इथे मला वाटते की आपण कचऱ्याकडे नुसते सरपण म्हणून पाहतो तिथेच फसतो. जहाज ढकलायला लागणारी ऊर्जा ही अडचण नाही. ऊन आणि वारा यांची ऊर्जा अमाप आहे आणि दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. अडचण आहे ती ऊर्जा बोटीवर चढवून पंधरा-वीस दिवस सोबत नेण्याची. एक किलो तेलात अकरा-बारा युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत, खोक्यासकट, एक पंचमांश युनिट. इंजिनात निम्मी ऊर्जा वाया जाते हे धरूनही फरक तिसेक पटीचा पडतो. नॉर्वेत २०१५ पासून विजेवर चालणारी फेरी आहे, कोचीत २०२३ पासून विजेच्या बोटी प्रवासी नेतात. भाऊचा धक्का ते मांडवा या टप्प्यालाही बॅटरी पुरेल. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला नाही पुरणार. तिथे टाकीत ओतता येईल असे काहीतरी हवे.

सूर्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढता येतो. पण तो द्रवरूप ठेवायला उणे २५३ अंश लागतात. तोच हायड्रोजन कार्बनला बांधला की मिथेनॉल होते: साध्या तापमानाला द्रव, साध्या टाकीत मावणारे, टँकरमधून नेता येणारे. तेलाच्या तुलनेत त्याला अडीच पट जागा लागते, पण हे जमण्यासारखे आहे. २०१५ मध्येच स्टेना जर्मानिका ही प्रवासी बोट मिथेनॉलवर चालू लागली होती. प्रश्न उरतो कार्बनचा. सिमेंट किंवा कोळशाच्या धुराड्यातला घेतला तर तो जमिनीखालचाच; हवेत जाण्याआधी त्याला समुद्राची एक सहल घडवली, इतकेच. थेट हवेतून घ्यावा तर तिथे तो दहा हजार भागांत जेमतेम सव्वाचार भाग, त्यामुळे वेचायला भयंकर महाग. हे वेचण्याचे काम फुकटात आणि अव्याहत करणारे यंत्र एकच आहे, हिरवे पान. भाताचा तूस, उसाचे चिपाड, ताटातला उरलेला भात हा हवेतून वेचून एका जागी गोळा झालेला कार्बन आहे. उद्या ज्याची टंचाई पडणार आहे ते हे. उष्णता इतर शंभर ठिकाणांहून मिळेल.

या नजरेने पाहिले की आपले बायोगॅस प्रकल्प विचित्र दिसू लागतात. टाकीतून निघणाऱ्या वायूत साधारण साठ टक्के मिथेन असतो आणि चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड. गाडीत भरण्याजोगा दाबलेला बायोगॅस, म्हणजे सीबीजी, करायचा तर हे चाळीस टक्के धुऊन बाहेर काढायचे. बहुतेक ठिकाणी ते सरळ हवेत सोडले जातात. म्हणजे पानाने कण कण करून वेचलेल्या मालातला जवळजवळ अर्धा भाग, अतिशय शुद्ध रूपात हाती आलेला, आपण नळी उघडून उडवतो. डेन्मार्कमध्ये कासो येथे २०२५ साली सुरू झालेला कारखाना नेमका हाच भाग उचलतो: बायोगॅस प्रकल्पातला कार्बन डायऑक्साइड आणि शेजारच्या सौर वीजकेंद्राच्या विजेतून काढलेला हायड्रोजन, आणि वर्षाला बेचाळीस हजार टन मिथेनॉल. लॉराची मालक कंपनी मर्स्क त्याचे एक गिऱ्हाईक आहे, प्लास्टिकसाठी लेगो खेळणीवालेही.

इथे एक जुना आणि रास्त आक्षेप येतो. जो वायू जिथे तयार होतो तो तिथेच वापरावा, ही आपल्याकडची परंपरा आहे आणि ती आजची नाही. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या ॲकवर्थमध्ये, मैल्यापासून वायू काढून दिवे लावल्याची नोंद आहे. पुढे खादी ग्रामोद्योगाने गोबरगॅस गावोगाव नेला. पुण्यात आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र बनवले, भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी निसर्गऋण हे बायोगॅस संयंत्र उभे केले. या सगळ्यांचा रोख एकच होता: गावाचा कचरा, गावाची चूल. त्या चुलीखालचा वायू काढून परदेशी कंपनीच्या बोटीत भरा असे सांगणाऱ्याला गावाने हाकलले तर मी गावाच्या बाजूने उभा राहीन.

पण चुलीला मिथेन लागतो. जहाजासाठी मी मागतो आहे ते चुलीला न लागणारे चाळीस टक्के. त्यावरून भांडण व्हायचे कारण नाही.

मिथेनचेही खरे तर आज ना उद्या बोलावे लागेल. केंद्र सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरात ‘सतत’ नावाची योजना आणली तेव्हा पाच हजार सीबीजी प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले होते; मुदत उलटून गेली आणि उभे राहिलेले प्रकल्प शेकड्यातच मोजावे लागतात. आता वायू कंपन्यांवर मिश्रणाचे बंधन आले आहे, २०२५-२६ मध्ये एक टक्का आणि वाढत २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. हा वायू कोठे जाणार? सीएनजीच्या गाड्यांत आणि घरगुती नळांत. घराचे समजू शकतो. पण रिक्षा, मोटार, शहर बस यांना विजेचा पर्याय आहे, तो रस्त्यावर दिसूही लागला आहे. ज्यांना तारेने भागते त्यांना आपण कायद्याने कार्बन पाजतो आहोत आणि ज्यांना तारेने कधीच भागणार नाही त्यांच्यासाठी तीस वर्षांनी हवेतून वेचायला बसणार आहोत. दहा-पंधरा वर्षे हे चालेल, आयात वायू वाचतो हा फायदाही खरा आहे; कायमची सोय म्हणून मात्र हे उलटे आहे.

मग बायोगॅस थंड करून द्रवरूपात जहाजाला का देऊ नये, असे विचारणारे पुष्कळ आहेत, कारण एलएनजीवर चालणारी जहाजे आधीच समुद्रात आहेत. माझे मन त्याला तयार होत नाही. अशा काही इंजिनांतून न जळलेला मिथेन शेकडा दोन-तीन या प्रमाणात निसटतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. गळती रोखता आली तर गोष्ट निराळी.

आपल्याकडे सर्वांत सोपा कार्बन आहे तो आसवनीत. साखरेची मद्यार्कात फोड होते तेव्हा जवळजवळ वजनास वजन कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही जवळपास शुद्ध. दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणाऱ्या आसवनीतून पाऊणशे टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. थोडा शीतपेयांना आणि सुक्या बर्फाला जातो, बाकीचा आकाशाला. या पाऊणशे टनांना दहा टन हायड्रोजन दिला तर पंचावन्न टनांपर्यंत मिथेनॉल मिळू शकते. दहा टन हायड्रोजनला रोज साडेपाच लाख युनिट वीज हवी, म्हणजे सोलापूरकडच्या उन्हात शंभरेक मेगावॉटचे सौर पटल. पाणी लागेल ते शंभर घनमीटरच्या आसपास. उसाला पाजतो त्यापुढे हे काहीच नाही. आणि एवढे करून पंचावन्न टन मिथेनॉलमध्ये ऊर्जा किती? सत्तावीस टन तेलाइतकी. चार आसवन्या मिळून एका मोठ्या जहाजाला पोसतील. आकडा लहान आहे, पण दिशा पाहा: इथे मर्यादा विजेची आहे, आणि वीज वाढवता येते. प्रेसमडच्या वाटेवर मर्यादा प्रेसमडचीच होती.

तयार माल बंदरापर्यंत नेणे हा तर सवयीचा भाग. इथेनॉलचे टँकर आजही कोल्हापूर-सांगलीहून तेल कंपन्यांच्या डेपोंकडे धावतात. घाट उतरला की जयगड, आणि न्हावाशेवा काही फार दूर नाही. एक भीती मात्र कोणत्याच अहवालात वाचायला मिळत नाही ती सांगतो. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ऊसपट्ट्यात हजारो टन मिथेनॉल फिरू लागले तर त्यातले दोन पिंप कोठे गेले याची चौकशी करणारी यंत्रणा कोणती? उत्पादन शुल्क खात्याला विचारून पाहावे. जहाजावरचा खलाशी प्रशिक्षण घेऊन येतो, त्याच्या टाकीभोवती नायट्रोजन असतो, गळतीची घंटा असते. हातभट्टीवाल्याकडे काही नसते.

आणि दुसरी भीती, अधिक मोठी. कचऱ्याला भाव आला की तो कचरा राहत नाही. तळलेल्या तेलाचे तेच झाले. युरोपने वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या बायोडिझेलला सवलती दिल्या. कधी कधी जुने तेल ताज्या पामतेलाहून महाग विकले जाऊ लागले, आणि आशियातून येणारे हे सगळे ‘वापरलेले’ तेल खरोखरच कधी कढईत पडले होते का, असा संशय तिथल्या सरकारांना येऊ लागला. भजी न तळताच तेल जुने होण्याची ही किमया आहे. आपल्याकडे हीच गोष्ट उसाबाबत घडेल. आसवनीच्या कार्बनला डॉलरमध्ये भाव मिळू लागला की मराठवाड्यात आणखी ऊस, आणखी विंधनविहिरी, आणि कागदावर मात्र ‘टाकाऊ मालापासून इंधन’. कार्बनचा भाव आजच्या गाळपावर गोठवल्याशिवाय या वाटेने जाऊच नये असे माझे मत आहे. पाचटालाही हात लावू नये. ते रानातच कुजले पाहिजे. आपल्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब आधीच इतका खाली गेला आहे की जहाजाआधी मातीचा हक्क लागतो. प्रेसमडचे बरे आहे, वायू काढल्यावरही त्यातले नत्र, स्फुरद, पालाश उरलेल्या गाळात राहते आणि ते शेतकऱ्याला परत देता येते. देतील का, हे कारखान्याच्या संचालक मंडळावर.

शहरातल्या कचऱ्याचे गाडे वेगळ्याच जागी अडते. इंदूरचा प्रकल्प चालतो तो यंत्रामुळे जितका, तितकाच घराघरांत कचरा वेगळा होतो म्हणून. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे, २०१६ ची तिथली आग उपग्रहातून दिसली, आणि तरी घंटागाडीत ओल्यावर सुका ओतणारे हात थांबलेले नाहीत. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका दारोदार जाऊन हे काम करतात आणि महापालिकेशी कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावे लागते. हिरव्या इंधनाच्या प्रमाणपत्रावर कचऱ्याचा प्रकार, त्याचे उगमस्थान, वाहतुकीत जळलेले डिझेल, सगळे नोंदवतात. ज्या हाताने त्यातून प्लास्टिक आणि काच वेचली त्याची मजुरी नोंदवायला रकाना नाही. तो घालता येईल. प्रमाणपत्र देणारे लोक रकाने वाढवण्यात वाकबगार आहेत.

यातले काही होईल का, हे लंडनमध्येही, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मुख्यालयात, ठरणार आहे. हिरवे मिथेनॉल जड तेलाच्या कैक पट महाग पडते, आणि ही दरी भरून काढणारी आकारणी लावणारा आराखडा सागरी संघटनेत २०२५ च्या एप्रिलमध्ये मान्य झाला होता. ऑक्टोबरमध्ये अंतिम शिक्कामोर्तबाची वेळ आली तेव्हा अमेरिका आणि सौदी अरेबिया आडवे आले, ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला. युरोपने स्वतःचे नियम २०२५ पासून लागू केले आहेत, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या जहाजांना थोडे तरी गिऱ्हाईक व्हावे लागेल. कदाचित अमोनिया बाजी मारेल. त्यात कार्बनच नाही, तेव्हा माझा हा सगळा युक्तिवादच निकालात निघेल. पण अमोनियाची गळती म्हणजे काय हे ज्या खतकारखान्यांना माहीत आहे त्यांच्या कामगारांना विचारावे, ते इंजिनखोलीत उतरायला किती उत्सुक असतील ते.

लंडनची वाट न पाहता इथे करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. सीबीजी प्रकल्पांना आणि आसवन्यांना केंद्र व राज्य सरकारे व्याज-सवलत आणि अनुदान देतात. त्या मंजुरीपत्रात एक अट घालावी: कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडणाऱ्या नळीवर मीटर बसवा, महिन्याचा आकडा जाहीर करा, आणि पुढे तो उचलता यावा म्हणून जोडणीची जागा व एक एकर जमीन मोकळी ठेवा. आज उभे राहणारे प्रकल्प वीस-पंचवीस वर्षे चालतील. आज मागणी नोंदवलेली जहाजेही तेवढीच, म्हणजे २०५० पर्यंत. मीटरची किंमत कारखान्याच्या गळीत हंगाम शुभारंभाच्या मंडपाहून जास्त नसावी.